गुऱ्हाळाच्या गेमला प्लगिन जोडताना: लोड करणं सोपं, जोड ठरवणं अवघड

प्रश्न ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. सांगली जिल्ह्यातला डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाचा एक पोरगा सी प्लस प्लसमधे गुऱ्हाळ चालवायचा गेम करतोय. ऊस येतो, चरकात पिळतो, रस काहिलीत जातो, आधण उतरतं, गुळाच्या ढेपा होतात, त्या सांगलीच्या मार्केटला विकायच्या. त्याला चरक, काहील, गुळव्या, दलाल, अवकाळी पाऊस हे सगळं वेगवेगळे प्लगिन म्हणून हवंय, म्हणजे मित्रांनी नवीन काहीतरी बनवून फोल्डरमधे टाकलं की मेन गेम परत कंपाईल न करता चालायला पाहिजे. अडचणी तीन: मित्राच्या लॅपटॉपवर प्लगिन लोडच होत नाही, एरर १२६ येतो. स्वतःच्या मशीनवर लोड होतं पण एका मित्राच्या प्लगिनमधलं फंक्शन सापडतं आणि दुसऱ्याच्यातलं सापडत नाही. आणि गेम बंद करताना दरवेळी क्रॅश. शेवटी विचारलंय की सर, हे सगळं सोडून लुआ (गेमच्या आत चालवता येणारी छोटी स्क्रिप्टची भाषा) वापरू का.

तर भावा, पहिलं म्हणजे सर वगैरे राहू दे, दादा म्हण. आणि दुसरं, डीएलएल, म्हणजे प्लगिनची वेगळी कंपाईल केलेली फाईल, लोड करणं हे दोन-तीन ओळींचं काम आहे, विंडोजवर लोडलायब्ररी आणि गेटप्रॉकअ‍ॅड्रेस, लिनक्सवर डीएलओपन आणि डीएलसिम, संपला विषय. तू आठवडाभर त्या दोन ओळींकडंच डोळे लावून बसलायस. भानगड तिथं नाहीच. भानगड आहे जोडात, म्हणजे गेम आणि प्लगिन एकमेकांना नेमकं कुठं धरतात, कोण काय देतं, कोण काय परत घेतं, ह्यात.

ट्रॅक्टरच्या मागचा पीटीओ बघितलायस ना, तो फिरणारा दांडा. ५४० वाल्याला सहा दाते, जाडी १.३७५ इंच, मिनिटाला ५४० फेरे. हे ठरलेलं आहे म्हणून रोटाव्हेटर कुठल्या का कंपनीचा असेना, बसतो. ट्रॅक्टरला पत्ता नसतो मागं रोटाव्हेटर लावलाय का फवारणीचा पंप, आणि त्याला पत्ता असायची गरजही नाही. ह्यातली खरी गंमत पुढं आहे: १००० फेऱ्यांचा जो दांडा येतो तो तेवढ्याच जाडीचा पण त्याला २१ दाते असतात, त्यामुळं ५४० चं अवजार चुकून १००० ला जोडायला गेलास तर ते बसतच नाही. तुटत नाही, उडत नाही, नुसतं बसत नाही. तुझ्या गेमला हेच पाहिजे. चुकीचं प्लगिन आलं तर ते दारातच अडलं पाहिजे, आत येऊन अर्ध्या आधणाला काहील पालथी करता कामा नये.

हे मी पुस्तकातून सांगत नाहीये, माझी स्वतःची चांगली जिरलेली आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी एका साखर कारखान्याच्या वजनकाट्याचं सॉफ्टवेअर माझ्याकडं होतं. काट्याचा इंडिकेटर प्रत्येक ठिकाणी वेगळा, सिरियल केबलवरून प्रत्येकाची बडबड वेगळी, म्हणून मी प्रत्येक इंडिकेटरसाठी एक छोटा डीएलएल केलेला आणि मेन प्रोग्राम सगळीकडं एकच. म्हणजे प्लगिनच की. डीएलएलनं एक स्ट्रक्ट (ठरलेल्या क्रमानं मांडलेले फील्ड) भरून द्यायचा: पहिल्या ८ बाइटमधे वजन, डबलमधे म्हणजे दशांश आकड्यात, आणि त्यामागं ४ बाइटमधे वजन स्थिर झालंय का, १ किंवा ०. पुढं मला वाटलं वेळ पण घेऊया, म्हणून ८ बाइटचा नवीन फील्ड टाकला, आणि टाकला कुठं तर सगळ्यात वरती, वाचायला बरं दिसतं म्हणून! मेन प्रोग्राम नवीन गेला, तिथला डीएलएल जुनाच राहिला. ऐन सीझनमधे रात्री दोनला फोन. काट्यावर भरलेली ट्रॉली उभी, स्क्रीनवर वजन ०.००. मागं ट्रॅक्टरांची रांग गेटच्या बाहेर रस्त्यापर्यंत, ड्रायव्हर लोक खाली उतरून शेकोट्या करून बसलेले आणि काट्यावरचा क्लार्क मला फोनवर जे काय बोलला ते इथं लिहिण्यासारखं नाही.

झालं काय होतं ते नीट बघ, कारण तुझ्या गेममधे हेच होणारंय. जुना डीएलएल वजन पहिल्या ८ बाइटमधे लिहीत होता, तिथं नवीन प्रोग्राम वेळ वाचत होता. आणि नवीन प्रोग्राम वजन म्हणून जिथं बघत होता तिथं पडलेला होता तो स्थिर झाल्याचा '१'. आता पूर्णांक १ चे बिट जसेच्या तसे डबल म्हणून वाचले तर आकडा येतो पॉइंटनंतर ३२३ शून्यं आणि मग ४९४. स्क्रीन दाखवणार पॉइंटनंतर दोनच घरं, म्हणून ०.००. क्रॅश नाही, एरर नाही, लॉगमधे एक ओळ नाही. प्रोग्रामच्या मते सगळं व्यवस्थित. क्रॅश झाला असता तर पाच मिनिटात कळलं असतं, इथं मला पहाटेपर्यंत हेक्स डंप, म्हणजे मेमरीतले कच्चे बाइट, बघत बसायला लागलं. व्हर्जनचा एक पूर्णांक त्या स्ट्रक्टच्या सुरुवातीला असता तर प्रोग्राम चालू होतानाच बोंब मारली असती.

आता तुझ्या गेमचा जोड कसा ठरवायचा. ह्यात नवीन शोध लावायची गरज नाही, १९९७ ला आलेल्या क्वेक २ ह्या गेममधे इड सॉफ्टवेअरनं जे केलंय तेच आजही पुरतं. त्यांचं सगळं खेळाचं लॉजिक एका वेगळ्या डीएलएलमधे होतं आणि त्या डीएलएलमधून इंजिन एकच फंक्शन शोधायचं, गेटगेमएपीआय. इंजिननं हातात एक टेबल द्यायचा, त्यात फंक्शन पॉइंटर (फंक्शनचे पत्ते), की बाबा तुला आवाज वाजवायचा असला तर हे, मेमरी पाहिजे तर हे, स्क्रीनवर काही छापायचं तर हे. डीएलएलनं उलटा आपला टेबल द्यायचा, की मला चालू करायचं तर हे बोलव, प्रत्येक फ्रेमला हे, बंद करताना हे. आणि त्या परत आलेल्या टेबलात पहिलाच फील्ड व्हर्जनचा, तो इंजिनच्या आकड्याशी जुळला नाही तर तिथंच एरर देऊन थांब. बास, एवढंच. कोड २००१ पासून जीपीएल ह्या मोकळ्या परवान्याखाली उघडा आहे, एकदा वाचच, त्या टेबलांची हेडर फाईल एका बैठकीत होते.

तुझ्यासाठी म्हणजे गेमनं द्यायचं काय: लॉगमधे ओळ लिहिणं, गोदामातून माल काढणं, गोदामात माल टाकणं, रँडम आकडा, आजचा दिवस कितवा. प्लगिननं द्यायचं काय: व्हर्जन, स्वतःचं नाव, सुरुवात, दर टिकला (गेमच्या घड्याळाच्या प्रत्येक ठोक्याला) बोलवायचं फंक्शन, सेव्ह, लोड, बंद. ह्याच्यापेक्षा जास्त सुरुवातीला देऊ नकोस. तू आत्ता काय केलंयस तर प्रत्येक प्लगिनला मेन गेमचा आख्खा क्लास पॉइंटर म्हणून दिलायस, म्हणजे मित्राचं पावसाचं प्लगिन उद्या थेट तुझ्या दलालाचे पैसे बदलू शकतं, आणि तू त्या क्लासमधे एक मेंबर वाढवलास की सगळ्या मित्रांची प्लगिनं माझ्या काट्यासारखी ०.०० दाखवणार. टेबलात नवीन फंक्शन टाकायचं झालं तर कायम शेवटाला, मधे कधीच नाही. आणि व्हर्जनच्या शेजारी टेबलाचा साइझ पण ठेव, विंडोजच्या जुन्या एपीआयमधे सीबीसाइझ असतो ना तसा, म्हणजे जुन्या प्लगिनला माहीत असलेला भाग कुठं संपतो ते कळतं.

ह्या जोडावरून काय जाऊ द्यायचं नाही तेही ऐक. स्टँडर्ड स्ट्रिंग, व्हेक्टर, एक्सेप्शन, काहीच नाही. तू मिनजीडब्ल्यूनं कंपाईल करणार, मित्र व्हिज्युअल स्टुडिओनं, दोघांच्या स्ट्रिंगची आतली मांडणी वेगळी. साधे पूर्णांक, डबल, कॅरॅक्टर पॉइंटर, एवढंच. पूर्णांक पण साइझ ठरलेले घे, ३२ बिटी, ६४ बिटी असे, कारण नुसता 'लाँग' हा ६४ बिट विंडोजवर ४ बाइटचा आणि ६४ बिट लिनक्सवर ८ बाइटचा असतो. आणि मेमरीचा नियम गावाकडचाच, ज्याचं भांडं त्यानंच घासायचं. प्लगिननं न्यू केलेली वस्तू प्लगिननंच डिलीट करायची, गेमनं नाही. विंडोजवर प्रत्येक डीएलएलचा हीप, म्हणजे मेमरीचा साठा, वेगळा असू शकतो, एकाकडून घेतलेली मेमरी दुसऱ्याकडं फ्री केलीस की कधी लगेच मरतं, कधी तासाभरानं, आणि तासाभरानं मेलेलं कुणी शोधायचं?

आता फंक्शन सापडत नाही त्याचं. तू लिहिलंयस की एका मित्राचं चालतं आणि दुसऱ्याचं नाही, कोड दोघांचा सारखाच. मी पैज लावतो, ज्याचं चालतं त्याची फाईल डॉट सी आहे आणि ज्याचं चालत नाही त्याची डॉट सीपीपी. सी प्लस प्लस कंपायलर फंक्शनचं नाव जसंच्या तसं ठेवत नाही, त्यात आर्ग्युमेंटचे प्रकार कोंबून वेगळंच नाव तयार करतो. समज तुझ्या फंक्शनचं नाव प्लगिन_स्टार्ट, आर्ग्युमेंट काही नाही, तर जीसीसी (मिनजीडब्ल्यू म्हणजे विंडोजवरचा हाच कंपायलर) त्याचं नाव करणार अंडरस्कोर झेड १२ प्लगिन_स्टार्ट व्ही. ते १२ म्हणजे इंग्रजी नावातली अक्षरं मोजून, अंडरस्कोर धरून, आणि व्ही म्हणजे आर्ग्युमेंट शून्य. व्हिज्युअल स्टुडिओ ह्याहून वेगळंच प्रश्नचिन्हांनी भरलेलं नाव करतो. तू गेटप्रॉकअ‍ॅड्रेसला साधं नाव देणार, त्याला ते सापडणार नाही, एरर १२७. उपाय: त्या एका फंक्शनच्या आधी एक्सटर्न सी लिहायचं, आणि विंडोजवर डीएलएलएक्सपोर्ट. खात्री करायची असली तर लिनक्सवर एनएम ला मायनस कॅपिटल डी देऊन प्लगिनची फाईल दे, विंडोजवर डम्पबिन ला एक्सपोर्ट्स देऊन दे, बाहेर दिसणाऱ्या नावांची यादी येते. अंदाज लावत बसण्यापेक्षा ही यादी आधी बघायची सवय लाव, निम्मे प्रश्न तिथंच मिटतात.

लिनक्सवर बिल्ड करताना मायनस शेअर्ड आणि मायनस एफपीआयसी विसरू नकोस. डीएलओपनला फाईलचं नुसतं नाव दिलंस, त्यात स्लॅश नसला, तर ते तुझ्या फोल्डरमधे बघतच नाही, सिस्टिमच्या लायब्ररींच्या ठिकाणी शोधत फिरतं. डॉट स्लॅश लाव किंवा पूर्ण पाथ दे. आणि आरटीएलडी नाऊ वापर, म्हणजे सगळी फंक्शनं लोड होतानाच शोधली जातात, लेझी नको, कारण लेझीनं एखादं फंक्शन कमी असलं तरी लोड होतं आणि मग खेळता खेळता बरोबर त्या फंक्शनला हात लागला की मरतं.

पाथवरून आठवलं. तू प्लगिनचा फोल्डर गेमच्या सध्याच्या वर्किंग डिरेक्टरीवरून शोधतोयस. एडिटरमधून चालवलं की ती एक असते, शॉर्टकटवरून चालवलं की दुसरी. एक्झी फाईल जिथं आहे तिथून पाथ काढ, विंडोजवर गेटमॉड्यूलफाइलनेम आहे त्यासाठी. आणि फंक्शनची डब्ल्यू वाली (युनिकोडची, देवनागरी कळणारी) आवृत्ती वापर, लोडलायब्ररी डब्ल्यू. माझ्या भाच्यानं लॅपटॉपवर यूजरचं नाव हौसेनं मराठीत ठेवलेलं, त्यामुळं त्याच्या डेस्कटॉपच्या पाथमधेच देवनागरी, आणि ए वाल्या फंक्शनला ती अक्षरं कळेनात, प्लगिन समोर दिसतंय आणि गेम म्हणतोय फाईल नाही. पोरानं दोनदा विंडोज परत टाकलं, दोन्ही वेळा यूजरचं नाव तेच. काय बोलायचं!

एरर १२६. ह्याचा मेसेज फसवा आहे. तो म्हणतो मॉड्यूल सापडलं नाही, आणि आपण आपल्या डीएलएलचा पाथ दहा वेळा तपासत बसतो. खरं म्हणजे बऱ्याचदा तुझा डीएलएल सापडलेला असतो, पण त्याला स्वतःला लागणारा दुसरा डीएलएल सापडलेला नसतो. तू मिनजीडब्ल्यू वापरतोस म्हणजे तुझ्या प्लगिनला लिबएसटीडीसी प्लस प्लस ६ चा डीएलएल आणि लिबजीसीसीचा डीएलएल लागतो, ते तुझ्या मशीनवर पाथमधे आहेत, मित्राच्या मशीनवर कंपायलरच नाही तर कुठनं असणार. एकतर ते गेमच्या एक्झीशेजारी ठेवून दे, नाहीतर प्लगिन बिल्ड करताना मायनस स्टॅटिक दे म्हणजे ते आतच येतात. कुणाला काय लागतं ते बघायला ऑब्जडम्पला मायनस पी दे, लिनक्सवर एलडीडी. आणि जर १२६ जाऊन १९३ आला तर घाबरू नकोस, त्याचा अर्थ बहुतेक करून ३२ बिटचा प्लगिन ६४ बिटच्या गेममधे घालायला बघतोयस, एकानं कंपायलर बदलायचा.

बंद करतानाचा क्रॅश. हा मला सगळ्यात आवडता आहे कारण ह्याच्यात कोड वाचून काहीच चुकीचं दिसत नाही. तुझ्याकडं मशीनांची यादी ग्लोबल आहे, त्यात प्लगिननं बनवलेल्या वस्तूंचे स्मार्ट पॉइंटर. मेनच्या शेवटी तू फ्रीलायब्ररी बोलवतोस, नीटनेटकेपणा म्हणून. मग मेन संपतं, आणि त्यानंतर ग्लोबल यादी मोडली जाते, ती प्रत्येक मशीनचा डिस्ट्रक्टर, म्हणजे वस्तू मोडताना चालणारं फंक्शन, बोलवायला जाते. तो डिस्ट्रक्टर होता कुठं? प्लगिनच्या डीएलएलमधे. तो डीएलएल तू चार ओळी आधीच मेमरीतून काढून टाकलायस. वस्तू आहे, तिच्यातला व्हीटेबलचा (तिच्या फंक्शनांच्या पत्त्यांच्या यादीचा) पॉइंटर आहे, पण तो जिथं बोट दाखवतोय तिथं आता काहीच नाही. म्हणजे घर पाडून झाल्यावर आतल्या माणसाला हाक मारल्यासारखं. म्हणून क्रम उलटा: आधी सगळ्या वस्तू प्लगिनकडूनच मोडून घे, यादी रिकामी कर, प्लगिननं नोंदवलेले सगळे कॉलबॅक (गेमनं नंतर बोलवायची फंक्शनं) काढ, मग प्लगिनचं बंद करायचं फंक्शन, आणि मग सगळ्यात शेवटी फ्रीलायब्ररी. आणि खरं सांगू का, गेम बंदच होणार असेल तर ती फ्रीलायब्ररी नाही बोलवलीस तरी चालतं, ऑपरेटिंग सिस्टिम साफ करते. फक्त वस्तू मोडणं आणि सेव्ह करणं सोडू नकोस.

गेम चालू असताना प्लगिन बदलायची हौस असेल, आणि असणारच, मलाही होती, तर एवढं लक्षात ठेव. विंडोज लोड झालेल्या डीएलएलवर कुलूप लावतं, कंपायलरला त्याच्यावर लिहिता येत नाही, म्हणून मूळ फाईल लोड न करता तिची दुसऱ्या नावानं कॉपी करून ती लोड करायची. लिनक्स कुलूप लावत नाही आणि तिथंच घात होतो, चालू असलेल्या फाईलवर सीपी केलंस तर खालची जमीनच सरकते आणि गेम मरतो. नवीन फाईल वेगळ्या नावानं बनवायची आणि एमव्हीनं जागेवर आणायची. आणि गोदामात किती ढेपा आहेत हे प्लगिनच्या ग्लोबलमधे ठेवू नकोस, प्लगिन गेलं की ढेपा गेल्या. माल गेमकडं, अक्कल प्लगिनकडं.

क्रमाचं बोलायचं राहिलं. तू फोल्डर वाचतोस आणि ज्या क्रमानं फायली मिळतील तशा लोड करतोस. तो क्रम कुठंही ठरलेला नाही, सी प्लस प्लस १७ चा डिरेक्टरी इटरेटर तर स्पष्टच सांगतो की क्रमाची हमी नाही. तुझ्याकडं नावानुसार येत असतील, मित्राकडं भलत्याच. गुळव्या आधी लोड झाला आणि काहील नंतर, तर गुळव्या शोधणार काहील आणि ती नाही. प्रत्येक प्लगिनशेजारी एक छोटी टेक्स्ट फाईल ठेव, त्यात नाव, व्हर्जन आणि मला आधी कोण लागतं. गेमनं आधी सगळ्या टेक्स्ट फायली वाचायच्या, क्रम लावायचा, मगच डीएलएलला हात लावायचा. क्रम लावायचं टोपोलॉजिकल सॉर्ट तुम्हाला डेटा स्ट्रक्चरला झालं असेल, परीक्षेत सोडून कुठं लागतं विचारत होतास ना, इथं लागतं. दोघं एकमेकांना मागत बसले तर दोघांनाही बाहेर ठेव, लॉगमधे दोघांची नावं लिही आणि गेम पुढं चालू दे. एक प्लगिन बिघडलं म्हणून आख्खं गुऱ्हाळ बंद करायचं नाही.

आणि सेव्ह फाईल! तुझ्या सेव्हमधे काहील म्हणजे मशीन नंबर ४ असं लिहिलंय. हा नंबर लोड व्हायच्या क्रमानं पडलाय. उद्या मित्राचं एक प्लगिन काढलं की ४ नंबरला दलाल येणार आणि गुऱ्हाळात काहिलीच्या जागी दलाल उकळणार. नंबर नको, नाव लिही, आणि नावात प्लगिनचं नाव पुढं लाव, म्हणजे दोघांनी काहील बनवली तरी भांडण नाही. माइनक्राफ्टचे ब्लॉकचे आकडी आयडीसुद्धा २०१८ च्या १.१३ आवृत्तीला जाऊन पूर्ण सुटले, तू पहिल्या दिवशीच नावं लिही. आणि सेव्हमधलं एखादं प्लगिन आज हजर नसेल तर त्याचा डेटा फेकून देऊ नकोस, तसाच गुंडाळून परत सेव्ह कर, प्लगिन परत आलं की मशीन परत मिळतं.

आता लुआ. लुआ १९९३ ला ब्राझीलमधल्या रिओच्या पीयूसी विद्यापीठात तयार झाली आणि दुसऱ्याच्या प्रोग्राममधे राहण्यासाठीच ती बनलीये. लुआन्टी म्हणजे आधीचं माइनटेस्ट, फॅक्टोरिओ, ह्या गेमचे मॉड, म्हणजे बाहेरच्या लोकांनी केलेल्या जोडण्या, लुआमधेच असतात. फायदा सरळ आहे: वर सांगितलेल्या निम्म्या कटकटी नाहीतच, १२६ नाही, ३२-६४ नाही, कंपायलर नाही, मित्रानं नोटपॅडमधे लिहायचं आणि फोल्डरमधे टाकायचं. लुआतली चूक पीकॉल ह्या फंक्शनमधे पकडता येते, गेम मरत नाही. वेग कमी असतो, पण तुझ्या गेममधे सेकंदाला वीस टिक आणि तीसचाळीस मशीनं, तिथं वेगाची काय चिंता करतोस. इड वाल्यांचंच बघ ना, १९९६ च्या क्वेकला स्वतःची क्वेकसी भाषा, क्वेक २ ला नेटिव्ह डीएलएल, आणि १९९९ च्या क्वेक ३ ला परत व्हर्च्युअल मशीन, म्हणजे कोड गेमच्या आतल्या नकली मशीनवर चालणार. नेटिव्ह, म्हणजे डीएलएल, वेगवान पण प्रत्येक सिस्टिमसाठी वेगळा बिल्ड आणि आख्खा कॉम्प्युटर त्या डीएलएलच्या ताब्यात.

हा ताब्याचा मुद्दा हलका समजू नकोस. डीएलएल एकदा लोड केलास की तो तुझ्या यूजरच्या नावानं काहीही करू शकतो, फायली वाचणं, पासवर्ड उचलणं, सगळं. व्हर्जन चेक इथं कामाचा नाही, कारण डीएलएलमधला सुरुवातीचा कोड लोड होतानाच चालतो, तुझा चेक नंतर येतो. २०२३ च्या जूनमधे माइनक्राफ्टच्या मॉडमधून फ्रॅक्चरायझर नावाचा व्हायरस असाच पसरला होता, लोकांनी ओळखीच्या जागेवरून मॉड घेतलेले. तुम्ही चार मित्र एकमेकांची प्लगिनं वापरताय तोवर ठीक, अनोळखी लोकांची घ्यायची असतील तर नेटिव्ह नकोच. लुआतसुद्धा आयओ आणि ओएस ह्या लायब्ररी उघडू नकोस, कंपाईल केलेला बाइटकोड घेऊ नकोस, फक्त टेक्स्ट घे, आणि कुणी न संपणारा लूप लिहिला तर तो तोडायला डेबग हुकमधे सूचना मोजत राहा.

पण लुआच्या आधी एक पायरी आहे आणि ती तू चुकवतोयस. तुझ्या प्लगिनांच्या यादीत कोडची खरी गरज कुणाला आहे ते बघ. काहिलीचे तीन प्रकार, चरकाचे चार, उसाच्या जाती, ह्यांच्यात फरक फक्त आकड्यांचा आहे. ही साध्या टेक्स्ट फाईलमधे बसणारी गोष्ट, त्याला ना डीएलएल लागतो ना लुआ. पाऊस आणि दलाल, ज्यांना डोकं लागतं, ते लुआमधे. डीएलएल मला विचारशील तर तुझ्या गेममधे शिकण्यापुरता एक ठेव, बाकी नको. आणि काहीही करायच्या आधी हेच टेबल, हाच जोड, एकाच एक्झीमधे सगळं ठेवून चालवून बघ, नुसत्या साध्या अ‍ॅरेमधे प्लगिनांचे टेबल नोंदवून. तिथं नीट चाललं की मगच एक फाईल उचलून बाहेर डीएलएलमधे ने. दोन्ही एकदम करायला गेलास म्हणून तुला कळत नाहीये की चूक लोड करण्यात आहे का लॉजिकमधे.

तुझा काहिलीचा कोड चाळला, त्यात एक ओळ आहे, तापमान १०५ झालं की आधण उतरवायचं आणि गुळाच्या ढेपा द्यायच्या. १०५ ला उतरवलंस तर काकवी होते रे, ढेप बसत नाही, गुळाला ११८ च्या आसपास जावं लागतं. माझ्या मामाचं गुऱ्हाळ होतं, त्याच्याकडं थर्मामीटर नव्हता, गुळव्या गार पाण्यात थेंब टाकून गोळी बोटांनी दाबून बघायचा आणि मगच ओरडायचा उतरवा म्हणून. तर तो १०५ कोडमधनं काढ, काहिलीच्या टेक्स्ट फाईलमधे टाक, तिथं काकवीचा एक आणि गुळाचा एक असे दोन आकडे दे, आणि ती फाईल बदलून गेम परत कंपाईल न करता वेगळा माल निघतोय का ते बघून मला सांग. एनएमची यादी पण पाठव.